भिंती नसलेला तुरुंग: ‘उचल्या’ पुन्हा वाचताना

लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आपण ते भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्याची कहाणी म्हणून वाचत आलो. मला ते आधी तुरुंगाचं पुस्तक वाटतं. फरक इतकाच, की या तुरुंगाला भिंती नाहीत.

भिंतीचं काम हजेरी करते. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. संस्थानांतही तशीच व्यवस्था होती. गुन्हा केला असो वा नसो, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. मी गगनबावड्याचा. आमचं गाव कोल्हापूर संस्थानातली जहागीर होतं. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली, हे आम्ही अभिमानानं सांगतो. पण हजेरी माणसाचं काय करते, हे मला या पुस्तकानं दाखवलं.

पोलीस घरात घुसतात, बायकापोरांना मारतात. पण त्याहून जास्त हादरवतो तो पोरांच्या ‘शिक्षणा’चा भाग. चोरी शिकवताना घरचेच पोराला झोडपतात, कारण उद्या पोलिसांनी कितीही मारलं तरी साथीदाराचं नाव त्याच्या तोंडून निघता कामा नये. पोलिसी हिंसेला समाजानं दिलेलं हे पहिलं उत्तर: मार सोसायची तालीम आणि मौन. गायकवाड हे सांगताना आवाज चढवत नाहीत. भुकेबद्दल ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात माराबद्दल. म्हणून ते जास्त लागतं.

पुस्तकाला उणिवा आहेत. सूतगिरणी आणि चळवळीकडे वळल्यावर निवेदन अहवालासारखं होतं. मार खाणाऱ्या बायका दिसतात, पण त्यांचं मन फारसं उलगडत नाही.

तरी एक गोष्ट मोठी. ज्या समाजात नाव न सांगणं हाच धर्म, तिथला एक जण सगळं नावानिशी लिहितो. हे दुसरं उत्तर. तिसरं १९९८ मधलं: पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर कोठडीत मेला, तेव्हा महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत गायकवाडही विमुक्तांच्या हक्कांसाठी उभे राहिले. अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी त्या मृत्यूवर नाटक केलं. मौनाची तालीम घेतलेले समाज आता रस्त्यावर बोलू लागले होते.

जुना कायदा १९५२ मध्ये गेला. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. शिक्का पुसला, शाई राहिली. कोठडीतल्या मृत्यूची बातमी मोबाईलवर आली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘त्यानं केलं काय होतं?’ ‘उचल्या’ वाचल्यावर तो प्रश्न सहजासहजी विचारता येत नाही. काही माणसांचं नाव गुन्ह्याच्या आधीच वहीत चढलेलं असतं.