लिअरचा नकाशा बीदरमधून वाचताना

'किंग लिअर'च्या पहिल्याच प्रवेशात म्हातारा राजा नकाशा मागवतो आणि राज्याचे तीन वाटे करायला बसतो. मराठी वाचकाला हा नकाशा फारसा आठवत नाही. आठवतात त्या कृतघ्न मुली. याला 'नटसम्राट' बऱ्याच अंशी कारण आहे. 1970 साली शिरवाडकरांनी लिअरचं दुःख अप्पासाहेब बेलवलकरांच्या घरात आणलं, आणि ते इतक्या ताकदीनं आणलं की राज्याची वाटणी घरच्या वाटणीत विरून गेली. पुढे 1974 मध्ये विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' दिला, तरी आपली समीक्षा त्या घराचा उंबरठा ओलांडून बाहेर आली नाही.

पात्रांच्या मनापाशीच थांबण्याची ही सवय जुनी आहे. समीक्षक ब्रॅडलीच्या 1904 च्या पुस्तकानं पात्राच्या मनात शिरून शोकांतिका वाचायला शिकवलं, आणि तेच कॉलेजांतून, गाइडांतून झिरपत राहिलं. हॅम्लेट का थबकतो, ऑथेल्लो का संशय घेतो, हे प्रश्न खरेच आहेत. पण 1980 नंतर ग्रीनब्लॅट, डॉलिमोर, सिनफिल्ड या समीक्षकांनी याच नाटकांना सत्तेबद्दल विचारलं. आनिया लूम्बा यांनी 1989 मध्ये भारतातल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थिनीच्या बाजूनं वंशाचा आणि स्त्रीचा प्रश्न विचारला. मराठीत गंगाधर पाटील, मिलिंद मालशे, अशोक जोशी यांनी नव्या सिद्धान्तांची उत्तम ओळख करून दिली. उपयोजन मात्र तोकडं राहिलं. अर्धा शोधनिबंध सिद्धान्ताच्या परिचयात जातो, आणि नाटकाची पाळी येते तेव्हा पुन्हा स्वभावचित्रणच पुढे येतं.

बीदरमध्ये बसून वाचलं तर तो नकाशा नजरेआड करणं कठीण आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले, आणि बीदर जिल्ह्याचेही तीनच झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. भालकी-औरादकडची मराठी घरं जागची हलली नाहीत, सरकारदरबारची भाषा तेवढी बदलली. शेक्सपिअरनं हे नाटक लिहिलं तेव्हा पहिला जेम्स इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करू पाहत होता आणि त्यावरून पार्लमेंटात वाद पेटला होता. नवइतिहासवादी समीक्षक लिअरच्या नकाशामागे हा वाद पाहतात. सीमेवरच्या वाचकाला त्यापुढचा प्रश्न सुचतो: वाटे पाडताना त्या जमिनीवरच्या माणसांना कुणी विचारलं? नाटकात त्यांना तोंडच नाही. वादळात सापडल्यावर लिअरला उघड्यानागड्या गरिबांची आठवण होते, तीही राज्य हातचं गेल्यावर.

'ऑथेल्लो'चंही तसंच आहे. देवलांच्या 'झुंझारराव'नं 1890 मध्ये त्याला मराठी नाव दिलं आणि संशयाची गोष्ट घरोघरी पोहोचवली. परक्या सेनापतीची गोष्ट मात्र मागे पडली. बीदरला ती परकी नाही. इथला मदरसा बांधणारा महमूद गावान गिलानहून आलेला, बहमनी राज्याचा कर्तबगार वजीर. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट होते, आणि हबशी दख्खन्यांच्या बाजूला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की शत्रूंनी गावानच्या मोहरदाराला दारू पाजून कोऱ्या कागदावर मोहर उठवून घेतली, वर राजद्रोहाचं पत्र लिहिलं आणि ते सुलतानापुढे ठेवलं. 1481 मध्ये गावानचा शिरच्छेद झाला. सत्य कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण फार उशिरा. शेक्सपिअरला गावान ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि मी उसनवारी सुचवतही नाही. पण कॅशिओच्या खोलीत टाकलेला रुमाल आणि मोहर उठलेला कागद शेजारी ठेवले की पुराव्याचं राजकारण स्पष्ट दिसतं. परक्याची निष्ठा पुराव्याविना गृहीत धरली जात नाही, त्याचा गुन्हा मात्र एका वस्तूवर सिद्ध होतो. ऑथेल्लो एकाच वेळी फसलेला न्यायाधीशही आहे आणि तो परकाही. ही दुहेरी जागा केवळ मत्सराच्या विश्लेषणातून हाती लागत नाही.

अशा वाचनात धोकाही आहे. सिद्धान्त नाटकावर स्वार झाला की पद्याची लय, रंगमंचावरचा थांबा, नटाचा श्वास सगळं हरवतं. करंदीकरांची ओळ मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिच्यातल्या सत्तेबद्दल बोलू नये, असं मला वाटतं.

इथल्या विद्यार्थ्यानं आधी हाती घ्यावं ते 'टेम्पेस्ट'. पाडगावकरांचं 'वादळ' मराठीत आहे, कुवेंपूंचं 'बिरुगाळी' कन्नडमध्ये. हे बेट आईकडून आलेलं माझं आहे, आणि मालकानं मला आपली भाषा शिकवली, ही त्या नाटकातल्या गुलाम कॅलिबनची तक्रार दोन्ही पुस्तकांतून काढून शेजारी ठेवावी. घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेल्या बीदरच्या मुलीला ती दोन्ही पानं दुभाष्याविना वाचता येतात.