जिन्यातला दिवा

आंबोलीत जुलै महिन्यात भर दुपारीही जिन्यात दिवा लावावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवरचं हे गाव. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पाऊस थांबला की धुकं खिडकीपाशी येऊन बसतं. माडीच्या घरात खालच्या बटणाने दिवा लावायचा, वर पोचलं की वरच्या बटणाने विझवायचा. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यामागे कुणाची तरी अक्कल आहे हे ध्यानातच येत नाही. वायरमन तिला ‘जिना वायरिंग’ म्हणतात. विद्युत परिपथ शिकणाऱ्या मुलांनी तो वाचायला इथून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

नववीच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ या पाठात एकसर आणि समांतर जोडणी येते. तेवढ्या भांडवलावर जिन्याचा प्रश्न सोडवून पाहा. दोन साधी बटणं एकसर जोडली, तर दोन्ही चालू असतानाच दिवा लागेल. वर गेलेल्याने तो विझवला, की खालच्याने कितीही खटखट केली तरी अंधारच. समांतर जोडली, तर उलटी अडचण. खालून लावलेला दिवा वरून विझतच नाही. दोन्ही जोडण्या तोंडघशी पडतात, आणि मगच टू-वे बटणाची खरी किंमत कळते.

हे बटण उलटं करून पाहावं. मागे दोनाऐवजी तीन स्क्रू. मधला कॉमन. आतली पत्ती खटक्यासरशी एका बाजूचा स्क्रू सोडते आणि दुसऱ्या बाजूच्या स्क्रूला टेकते. अधांतरी ती कधीच राहत नाही. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज येते, वरच्या बटणाच्या कॉमनमधून तार दिव्याच्या होल्डरला जाते, होल्डरच्या दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. दोन बटणांच्या मध्ये फक्त दोन तारा. दोन्ही पत्त्या एकाच तारेवर आल्या की वाट पुरी झाली, वेगवेगळ्या तारांवर गेल्या की तुटली. एकूण स्थिती चार, दोन उजेडाच्या, दोन अंधाराच्या. कुठलंही एक बटण हलवा, जमलेलं मोडतं किंवा मोडलेलं जमतं. इथे ‘चालू’ अशी कुठल्याच बटणाची स्वतःची अवस्था नाही. खटका वर आहे की खाली याला एकट्याने काही अर्थ नाही, अर्थ येतो तो दुसऱ्या बटणाशी असलेल्या नात्यातून. तीन स्क्रू आणि दोन तारा एवढ्याच ऐवजात हे साधलं आहे.

याच कामाची एक चोरवाटही आहे, तिला कार्टर पद्धत म्हणतात. दोन्ही बटणांच्या बाहेरच्या स्क्रूंना फेज आणि न्यूट्रल द्यायची आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये टांगायचा. दोन्ही बटणांपाशी फेज-न्यूट्रल आधीच आलेली असेल तर तार वाचते, आणि दिवा चोख चालतो. पण एका अंधाराच्या स्थितीकडे नीट बघा. दोन्ही पत्त्या फेजवर आहेत. दिव्याच्या दोन्ही टोकांना 230 व्होल्ट, म्हणून विभवांतर शून्य, म्हणून धारा शून्य. दिवा विझलेला, आणि होल्डर मात्र दोन्ही अंगांनी जिवंत! बल्ब बदलायला गेलेल्याचं बोट आत टेकलं तर त्याचं अंग जमिनीकडे जाणारी वाट होतं. धारा वाहते ती विभवाने नव्हे, विभवांतराने, हे पुस्तकातलं वाक्य इतक्या झणझणीतपणे दुसरीकडे कुठे भेटत नाही. पद्धत त्याज्य आहे, पण वहीवर काढून पाहण्याजोगी आहे. आधीची रचना पुन्हा बघितली की तिचा सभ्यपणा दिसतो. तिथे विझलेल्या दिव्याच्या टोकाला फेज बटणाने थेट जोडलेली कधीच नसते.

‘थेट’ हा शब्द मी जपून वापरला. एलईडी बल्ब आल्यापासून काही घरांत जिन्यातला विझवलेला दिवा रात्री मंद पेटलेला दिसतो, किंवा मधूनच लुकलुकतो. आंबोलीसारख्या ठिकाणी लोक ओलीवर संशय घेतात, आणि तोही अगदी खोटा नसतो, बोर्डात ओल शिरली की थोडी गळती होतेच. पण कोरडीठाक भिंत असली तरी हे घडतं. कारण त्या दोन तारा. दिवा विझलेला असताना त्यांतली एक फेजला जोडलेली असते आणि दुसरी, दिव्याकडे जाणारी, तिला खेटून पाइपमधून निघालेली. मध्ये प्लास्टिकचं आवरण. दोन धातू आणि मध्ये विसंवाहक म्हणजे झालाच की धारित्र! त्यातून काही मायक्रोअँपिअर झिरपतात. जुन्या 60 वॉटच्या बल्बला पाव अँपिअरहून अधिक धारा लागायची, त्याला या झिरपण्याचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या पोटातलं छोटं धारित्र तेच थेंब साठवतं, भरलं की चमकतं, रिकामं होतं, पुन्हा साठवतं. दोष म्हणून दुरुस्त करावा हे खरं, त्यासाठी दिव्याला समांतर योग्य धारित्र बसवतात. मला मात्र हा लुकलुकाट भिंतीआडच्या दोन तारांनी स्वतःचा दिलेला पत्ता वाटतो.

ओलीचा खरा हिशेब ठेवतं ते मेन बोर्डावरचं ईएलसीबी. फेजमधून गेलेली धारा न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, इतकंच ते पाहतं. किर्कहॉफने 1845 मध्ये मांडलेला नियमच इथे पहाऱ्यावर बसवला आहे. 30 मिलिअँपिअरची तूट आली की घर बंद. पावसाळ्यात ते वरचेवर पडतं तेव्हा लोक त्यालाच शिव्या देतात. बिचारं आपलं काम करत असतं.

जिन्याकडे परत येऊ. 1937 मध्ये एमआयटीत क्लॉड शॅनन या तरुणाने आपल्या प्रबंधात दाखवलं, की बटणांच्या जोडण्या बीजगणिताने लिहिता येतात. त्या भाषेत एकसर म्हणजे ‘आणि’, समांतर म्हणजे ‘किंवा’. जिना वायरिंग म्हणजे ‘दोहोंपैकी नेमकं एक’, आणि संगणक दोन अंकांची बेरीज करताना एकक स्थानी हेच करतो.

तीन मजली लॉज असेल तर? मधल्या मजल्यावर चार स्क्रूंचं इंटरमीडिएट बटण लागतं. ते आलेल्या दोन तारा एका खटक्यात सरळ पुढे सोडतं, दुसऱ्या खटक्यात त्यांची अदलाबदल करतं. बस्स. आठ स्थिती, चार उजेडाच्या. मजले कितीही वाढवा, बटणाबटणांमधल्या तारा दोनच राहतात. शाळेत करून पाहायचं तर घरातल्या विजेला हात न लावता सेल आणि टॉर्चचा बल्ब घ्यावा. इंटरमीडिएट मिळालं नाही तर सहा टोकांचं डीपीडीटी बटण चालतं. मधल्या दोन टोकांना आलेल्या तारा जोडायच्या, कोपऱ्यांतली चार टोकं एकमेकांना तिरकी, फुलीसारखी जोडायची, आणि एका बाजूच्या दोन टोकांतून पुढच्या तारा काढायच्या. सगळी करामत त्या फुलीत आहे.