बेरीज आणि वजाबाकी : विल्कोच्या 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या अल्बमची घडण

प्रस्तावना

'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा विल्को या शिकागोतील बँडचा चौथा अल्बम. तो २३ एप्रिल २००२ रोजी प्रकाशित झाला. त्याच्याविषयी आजवर जे लेखन झाले, त्यातील बराचसा भाग एका कथेभोवती फिरतो : मोठ्या कंपनीने अल्बम नाकारला, बँडने माघार घेतली नाही, आणि अखेरीस श्रोत्यांनी बँडला कौल दिला. ही कथा खोटी नाही. तथापि तिने कृतीचा विचार झाकोळून टाकला आहे. अल्बम नाकारला जाण्यापूर्वी तो घडत होता. त्या घडणीत कोणते सांगीतिक निर्णय घेतले गेले, त्यांची किंमत कोणी दिली आणि ज्या कंट्री परंपरेतून हा बँड आला तिच्याशी त्या निर्णयांचे नाते काय, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार केला आहे. विल्कोने या अल्बममध्ये कंट्री संगीताचा त्याग केला, हे सर्वपरिचित मत तपासून पाहणे हा या विवेचनाचा मुख्य हेतू आहे.

'पर्यायी कंट्री' : संज्ञा आणि पूर्वपीठिका

'अल्टरनेटिव्ह कंट्री' ही संज्ञा मुळातच संदिग्ध आहे. कंट्री संगीताचा सुगम, सजवलेला आणि बाजारपेठेला मानवणारा नॅशव्हिलप्रणीत आविष्कार ज्यांना नको होता, आणि तरीही जुन्या डोंगरी गीतांची, श्रमिकांच्या गाण्यांची ओढ ज्यांना होती, अशा रॉक व पंक वादकांची ही वाट होय. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या गावी जे फॅरर, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न यांनी उभा केलेला 'अंकल टुपेलो' हा बँड या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. १९९० मधील त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव 'नो डिप्रेशन' असे होते. ते कार्टर कुटुंबाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका भक्तिगीतावरून घेतले होते. पुढे १९९५ मध्ये याच नावाचे नियतकालिक निघाले आणि या प्रवाहाचे ते जणू मुखपत्र बनले.

१९९४ मध्ये अंकल टुपेलो फुटला. फॅररने 'सन व्होल्ट' स्थापन केला. ट्वीडी आणि उरलेले वादक यांचा विल्को झाला. 'ए. एम.' (१९९५) हा विल्कोचा पहिला अल्बम पर्यायी कंट्रीच्या चौकटीत सहज बसणारा होता. 'बीइंग देअर' (१९९६) या दुहेरी अल्बममध्ये ती चौकट सैल झाली, तर 'समरटीथ' (१९९९) मध्ये कळफलकवाद्यांचे थरावर थर चढले. दरम्यान १९९८ मध्ये वुडी गथ्रीच्या अप्रकाशित शब्दांना चाली देऊन बिली ब्रॅगसमवेत 'मर्मेड अव्हेन्यू' हा अल्बमही त्यांनी केला. म्हणजे एका हाताने परंपरेचे जतन आणि दुसऱ्या हाताने स्टुडिओतील प्रयोग, असा दुपेडी व्यवहार या बँडमध्ये आधीपासूनच होता.

येथे एक ऐतिहासिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. परंपरा म्हणजे यंत्रापूर्वीचे शुद्ध लोकसंगीत आणि स्टुडिओ म्हणजे तिच्यावरील आक्रमण, अशी विभागणी कंट्रीच्या बाबतीत टिकत नाही. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा ध्वनिमुद्रक टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे यंत्र घेऊन आला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची पहिली मुद्रणे तेथे झाली. अंगणात गायले जाणारे पाल्हाळिक गाणे तबकडीच्या सुमारे तीन मिनिटांच्या मापात बसवावे लागले. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटींचा विचार करताना लोकसंगीत आणि जनसंगीत यांत भेद केला आहे. त्या दृष्टीने पाहता कंट्री हे लोकसंगीताच्या मुळावर उभे असले, तरी जन्मापासून माध्यमाश्रित असे जनसंगीत ठरते. यंत्र या परंपरेच्या बाहेर कधीच नव्हते.

बेरजेची पद्धत

'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'चे मुद्रण मुख्यतः 'द लॉफ्ट' या बँडच्या स्वतःच्या शिकागोतील जागेत २००० व २००१ मध्ये झाले. ही बाब वरकरणी किरकोळ वाटते. परंतु ती निर्णायक आहे. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ चालू असते आणि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. तेथे गाणे आधी पक्के करून मगच मुद्रणाला बसावे लागते. स्वतःच्या जागेत ही सक्ती उरत नाही. एकच गीत संथ, जलद, उघडे, भरगच्च अशा अनेक रूपांत वाजवून पाहता येते. मुद्रण ही तयार गीताची नोंद न राहता गीतरचनेचाच भाग होते.

या टप्प्यावरील प्रमुख शक्ती होती जे बेनेट. अनेक वाद्ये हाताळणारा, ध्वनिमुद्रणाचे तंत्र जाणणारा बेनेट अल्बममधील बहुतेक गीतांचा ट्वीडीसमवेत सहरचनाकार आहे. त्याची प्रवृत्ती बेरजेची होती. एका सुरावटीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, मध्येच घंटा, ऑर्गन, बिघडलेल्या यंत्राचा वाटावा असा खरखराट, अशी ध्वनींची रास तो उभी करी. २०२२ मध्ये प्रकाशित झालेल्या या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अनेक मसुदे ऐकावयास मिळतात. त्यांवरून हे स्पष्ट होते की अंतिम गीताला आधी कित्येक पर्यायी देह होते. त्यांतील काही सरळ रॉकच्या अंगाने जातात, काही जवळजवळ कंट्रीच आहेत. बेनेटच्या या संचिताशिवाय पुढचा टप्पा संभवलाच नसता, हे नमूद करणे आवश्यक आहे. कारण पुढील काळात वजाबाकी करणाऱ्यांचे कौतुक झाले, आणि ज्याच्या बेरजेतून वजा करायचे होते तो मागे पडला.

वजाबाकीची पद्धत

२००० साली ट्वीडीचा परिचय जिम ओ'रूर्क या प्रयोगशील संगीतकाराशी आणि ग्लेन कॉची या तालवादकाशी झाला. तिघांनी 'लूज फर' या नावाने एकत्र काम केले. त्याचा परिणाम विल्कोवर लगेच दिसला. जानेवारी २००१ मध्ये बँडचा मूळ ड्रमवादक केन कूमर याच्या जागी कॉची आला. हा केवळ माणसाचा बदल नव्हता. कूमरचा ठेका गाण्याला पुढे रेटणारा, रॉकच्या ठाम चालीचा होता. कॉची तालाकडे नादाचा प्रकार म्हणून पाहतो; ठेका धरण्याइतकेच ठेक्याभोवतीची पोकळी वाजवणे त्याला महत्त्वाचे वाटते. अल्बमच्या पहिल्याच, सुमारे सात मिनिटांच्या गीतात हे जाणवते. तेथे ताल जुळतो, विस्कटतो, पुन्हा सावरतो. आणि या पडझडीच्या मधोमध ट्वीडीचा आवाज मात्र शांतपणे, जवळजवळ बोलल्यासारखा, गात राहतो.

ओ'रूर्ककडे मिश्रणाचे काम सोपवले गेले. त्याने भर घातली त्यापेक्षा काढून अधिक टाकले. साठलेल्या थरांतून नेमका कोणता नाद कोठे ऐकू यावा आणि कोठे मौन असावे, याची त्याने निवड केली. त्यामुळे श्रोत्याला गोंगाट ऐकू येतो तो सतत नव्हे. तो एखाद्या कडव्यानंतर उसळतो आणि ओसरतो. 'जीझस, एट्सेट्रा' या गीतात तर प्रयोगाचा मागमूसही नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. तंतुवाद्यांची साधी साथ, सरळ चाल, घरगुती जिव्हाळ्याचा स्वर. मात्र आधीच्या गीतांतील अस्थिरता कानात असल्यामुळेच हे साधेपण मोलाचे ठरते.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. त्यांची परिभाषा येथे उपयोगी पडते. या अल्बममध्ये गीत आणि गोंगाट यांचे नाते विरोधाचे आहे. परंतु हा विरोध स्वैर नाही. गोंगाट बाजूला सारून ही गीते केवळ एका गिटारवर वाजवली तर ती उभी राहतात. त्यांचा सांगाडा मोजक्या स्वरसंघांचा, कडवे व ध्रुपद यांच्या जुन्या बांधणीचा, कंट्री आणि लोकगीत यांनी शतकभर वापरलेला असाच आहे. म्हणून गोंगाट गीताला मोडत नाही; गीताला किती ताण सोसवतो याची तो परीक्षा घेतो. परंपरा बँजो किंवा पेडल स्टील गिटार या वाद्यांत शोधली तर येथे ती सापडणार नाही. ती गीताच्या अस्थींमध्ये शोधावी लागते.

अल्बमचे नाव आणि त्याचा ध्वनी यांचा संबंधही याच अंगाने पाहता येतो. लघुलहरींवरून आकडे व अक्षरे उच्चारणारी जी गूढ प्रक्षेपणे ऐकू येत, त्यांच्या 'द कॉनेट प्रोजेक्ट' या संग्रहातून एका स्त्रीचा यांत्रिक आवाज घेतला आहे. 'पुअर प्लेसेस' या गीताच्या अखेरीस तो तीनच सांकेतिक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. संदेश प्रक्षेपित होतो आहे, पण किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक नाही, ही अवस्था अल्बममधील प्रेमगीतांचीही आहे. एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे : स्वतःच्या कृतीवरील हक्कासाठी झगडणाऱ्या या बँडने हा आवाज अनुमतीविना वापरला होता, आणि संग्रहाच्या प्रकाशकाने दावा दाखल केल्यावर ते प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावे लागले.

नकार, दंतकथा आणि किंमत

२००१ च्या मध्यास रिप्राइज या कंपनीने तयार अल्बम प्रकाशित करण्यास नकार दिला. त्याच वर्षाच्या आरंभी तिची पालक कंपनी टाइम वॉर्नर ही एओएलमध्ये विलीन झाली होती आणि काटकसरीचे वारे वाहत होते. बँडने करारातून मुक्त होऊन मुद्रणाचे हक्क मिळवले आणि १८ सप्टेंबर २००१ पासून संपूर्ण अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकवला. पुढे नॉनसच या कंपनीने तो प्रकाशित केला. नॉनसच ही वॉर्नर समूहाचीच शाखा. एकाच समूहाने एका हाताने नाकारले आणि दुसऱ्या हाताने स्वीकारले, हा उपरोध सर्वश्रुत आहे. प्रकाशनानंतर अल्बम बिलबोर्डच्या यादीत तेराव्या क्रमांकावर दाखल झाला. बँडच्या तोवरच्या वाटचालीतील हे सर्वोच्च स्थान होते.

या घटनाक्रमात ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची छाया मिसळली. मुखपृष्ठावरील मरीना सिटीचे दोन मनोरे, ध्वजाच्या राखेचा उल्लेख असलेले एक शीर्षक, यांमुळे अनेकांना अल्बममध्ये भविष्यकथन दिसले. वस्तुतः ही गीते हल्ल्यापूर्वीच पूर्ण झाली होती आणि मनोरे शिकागोचे आहेत. श्रोत्यांनी आपले दुःख त्यात वाचले, हे ग्रहणाच्या इतिहासाचे सत्य आहे. ते रचनेचे सत्य मानता येत नाही.

दंतकथेने झाकलेली खरी किंमत निराळी आहे. अल्बम पूर्ण झाल्यानंतर, ऑगस्ट २००१ मध्ये, बेनेटला बँडबाहेर जावे लागले. सॅम जोन्स यांच्या २००२ मधील कृष्णधवल माहितीपटात दोन गीतांमधील सांधा कसा असावा, यावरून ट्वीडी आणि बेनेट यांच्यात झालेला वाद दिसतो. काही सेकंदांच्या ध्वनीवरून झडलेला हा वाद बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. प्रत्यक्षात तेथे दोन पद्धती समोरासमोर उभ्या होत्या : प्रत्येक तपशील उलगडून सांगितल्याशिवाय पुढे न जाणारी बेरीज आणि काहीतरी सुटून जाऊ देणारी वजाबाकी. कॅमेरा निवड करतो, आणि या चित्रपटाने बेनेटची जी प्रतिमा रूढ केली ती एका तणावग्रस्त कालखंडापुरती आहे. २००९ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बेनेटचे निधन झाले. कंपनीशी झालेल्या संघर्षात बँड विजयी ठरला, असे म्हणताना हा आतला पराभवही मोजला पाहिजे.

मर्यादा

अल्बम निर्दोष नाही. 'रेडिओ क्युअर'मध्ये आरंभीची शुष्कता इतकी लांबते की ध्रुपदाचा उजेड येईपर्यंत श्रोत्याचे अवधान सुटू शकते. अखेरच्या गीताची दीर्घ वाद्यमय शेपटी शांततेचा अनुभव देण्याऐवजी काही वेळा केवळ लांबण वाटते. शब्दयोजनेतही संदिग्धता कधी अर्थगर्भ होते, तर कधी निव्वळ आडपडदा राहते. वजाबाकीच्या पद्धतीचा हा अंगभूत धोका आहे : किती काढले म्हणजे पुरे, याचे माप तिच्याजवळ नसते.

समारोप

या विवेचनाला पुढील काळाने एक पुष्टी दिली आहे. २०२२ मध्ये विल्कोने 'क्रूएल कंट्री' हा एकवीस गीतांचा दुहेरी अल्बम प्रकाशित केला. त्याच लॉफ्टमध्ये सहा वादकांनी बहुतांश गीते एकत्र बसून वाजवली, थर चढवण्याची पद्धत बाजूला ठेवली आणि कंट्री हे नाव उघडपणे स्वीकारले. याला पुनरागमन म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्याने घर सोडलेच नव्हते त्याचे पुनरागमन कसे होणार? २००२ च्या अल्बममध्ये कंट्रीचा त्याग नव्हता, तिची वेशभूषा तेवढी उतरवली होती. गीताचा सांगाडा परंपरेचा राहिला, आणि ज्या यंत्रातून ती परंपरा घराघरांत पोहोचली त्या यंत्राचीच खरखर प्रथमच गीताचा घटक म्हणून ऐकू आली. हे साध्य करण्यासाठी बेनेटची बेरीज आणि ओ'रूर्कची वजाबाकी या दोहोंची गरज होती. अल्बमचे श्रेय ठरवताना कंपनीच्या नकारापेक्षा या दोन पद्धतींतील ताणाला अग्रक्रम दिला, तर कृतीचे आणि ती घडवणाऱ्या सर्वांचेच अधिक न्याय्य मूल्यमापन होऊ शकेल.