हवेतल्या करामती आणि उडीचा हिशेब

व्हिडिओ गेमचा एक प्रकार असा आहे, की त्यातला गडी सतत धावत असतो, खड्डे ओलांडतो आणि एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत पुढे जातो. याला ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) आणि ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) ही त्यातली सर्वांत गाजलेली नावे. १९९० च्या दशकात हे खेळ दूरदर्शन संचाला जोडायच्या यंत्रांतून आपल्याकडच्या काही घरांत आले. आज ते मोबाइलवर गावोगाव पोचले आहेत. या खेळांचे खास आकर्षण म्हणजे त्यातल्या हवेतल्या करामती. गडी हवेत असतानाच दुसरी उडी मारतो, मागे वळतो, झेप घेतो, कोलांट्या घेऊन वेग वाढवतो.

विज्ञानाच्या शिक्षकांची यावर एक ठरलेली प्रतिक्रिया असते: ‘हे सगळे न्यूटनच्या विरुद्ध आहे, यातून मुलांच्या कल्पना बिघडतात.’ ही तक्रार अर्धी बरोबर आहे. कोणती अर्धी, ते तपासण्यासाठी हा लेख.

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर येथे एका नववीतल्या मुलाने मला विचारले होते, ‘सर, खो-खोत सूर मारल्यावर हवेतच दिशा बदलली तर गडी हमखास सापडेल. गेममध्ये ते जमतं, मग आपल्याला का जमत नाही?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे नेमके उत्तर दिल्याशिवाय गेमवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

उडी कुठे ठरते?

धाराशिव जिल्ह्याला खो-खोची मोठी परंपरा आहे. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली आणि २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच जिल्ह्याची. या खेळातला आकाशी सूर म्हणजे हवेतल्या करामतीचा अस्सल नमुना. आक्रमक धावत येतो, शेवटच्या पावलाला जमिनीला रेटा देतो आणि हात पुढे ताणून आडवा झेपावतो.

समजा, पाय सुटताना त्याचा आडवा वेग सेकंदाला ६ मीटर आहे आणि तो अर्धा सेकंद हवेत आहे. मग त्याचा वस्तुमानमध्य ३ मीटर पुढे जाणार. मधल्या वेळात त्याने हात झाडले, पाय आखडले, दात-ओठ खाल्ले, तरी हे ३ मीटर बदलत नाहीत. वाट बदलायची तर बाहेरचे बल हवे, आणि बाहेरचे बल मिळायला कशाला तरी रेटा द्यावा लागतो. जमीन सुटली की रेटा द्यायला काही उरत नाही. पक्षी पंखांनी हवेलाच मागे ढकलतो, म्हणून त्याला हवेत वळता येते. आपल्या हातांनी हवेला दिलेला रेटा शरीराच्या वजनापुढे नगण्य असतो.

म्हणून वस्तुमानमध्याची वाट म्हणजे एक अन्वस्त वक्र, आणि तो शेवटच्या पावलाला कायमचा आखला जातो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूच्या वाटेबद्दल हेच मांडले. खो-खोत तर नियमाने आक्रमकाला धावतानाही मागे फिरता येत नाही. उगाच नव्हे की चांगला खेळाडू सूर मारण्याआधीच्या दोन पावलांत सगळा विचार करतो.

शरीर वळते, वाट वळत नाही

मग हवेत काहीच करता येत नाही का? पुष्कळ करता येते. उन्हाळ्यात विहिरीवर पोहणारी मुले पाहा. काठावरून उडी घेतल्यावर जो गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारतो, तो भराभर फिरतो. जो अंग ताठ ठेवतो, तो सावकाश फिरतो. निघताना मिळालेला कोनीय संवेग हवेत कायम राहतो. अंग आखडले की जडत्व आघूर्ण सुमारे तीन-चार पट कमी होते आणि फिरण्याचा वेग तितकाच वाढतो.

मांजराचे उदाहरण याहून नवलाचे आहे. मांजर उलटे, अजिबात न फिरवता सोडले तरी पायांवर पडते. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८९४ मध्ये याची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक विद्वान बुचकळ्यात पडले. मांजर कोनीय संवेग निर्माण करत नाही. ते कमरेत वाकून शरीराचा पुढचा आणि मागचा भाग असा वळवते, की एकूण बेरीज शून्यच राहते, पण तोंड फिरलेले असते. १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी याचे गणित मांडले.

सूत्र असे: हवेत शरीर वळवता येते, वाट वळवता येत नाही. खो-खोचा खेळाडूही हवेत हात एका बाजूला ताणून वीतभर जास्त अंतर गाठतो. पण त्याच वेळी बाकीचे अंग दुसऱ्या बाजूला सरकते आणि वस्तुमानमध्य आपल्या वाटेवरच राहतो. मघाच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे, आणि गेमची परीक्षा घेण्याचे मापही.

मारिओचे वजन

आता मारिओकडे वळू. लहान मारिओ एक ठोकळा उंच असतो आणि उभ्या उभ्या सुमारे चार ठोकळे उंच उडतो. त्याची उंची दीड मीटर धरली, तर ही उडी ६ मीटरची झाली. पृथ्वीवर अशी उडी चढायला १.१ सेकंद आणि उतरायला तेवढाच वेळ लागेल. मारिओ मात्र साधारण अर्ध्या सेकंदात चढतो आणि त्याहून बऱ्याच कमी वेळात उतरतो. हिशेब केला तर त्याच्या जगातले गुरुत्व त्वरण चढताना आपल्या चार-पाच पट आणि उतरताना त्याहून कितीतरी जास्त निघते! शिवाय बटण लवकर सोडले की उडी मधेच तोडली जाते, आणि हवेत डावे-उजवे बटण दाबून पडण्याची जागाही बदलता येते.

म्हणजे वाट वळते. नियम मोडला. पण तो रोज बदलत नाही. तेच बटण तितकाच वेळ दाबले की तीच उडी मिळते. मूल पाच मिनिटांत हे गुरुत्व बोटांनी शिकते आणि पुढे त्याच्यावर विसंबून अवघड खड्डे पार करते. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे उडतो म्हणून कोणी प्राणिशास्त्राची तक्रार करत नाही. तो नेहमीच अडीच घरे उडतो, यावर सगळा खेळ उभा असतो. मारिओवर घ्यायचा आक्षेप म्हणूनच सौम्य आहे.

याच्या उलट टोकाला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९). त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उडताना चित्रित केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. या राजपुत्राचे पाय सुटले की बटणे दाबून काही उपयोग नाही. पाऊल कुठून उचलायचे ते आधीच ठरवावे लागते. खो-खोच्या मैदानाशी हा गेम सर्वांत प्रामाणिक आहे.

फुकटचा वेग

‘सॉनिक’ची गोष्ट वेगळी, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. १९९१ च्या पहिल्या खेळात सॉनिक उतारावर वेग घेतो, चढावर गमावतो, आणि उतारावरून उडी मारली तर उताराला लंब दिशेने उडतो. इतकेच नव्हे, अंगाचा गोळा करून घरंगळत असताना त्याने उडी मारली, तर हवेत त्याची दिशा खेळणाऱ्याला बदलता येत नाही. कोणी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी बसवला असता तर यापेक्षा फारसे वेगळे केले नसते. वेग मिळवावा लागतो, सांभाळावा लागतो, ही त्या खेळाची गोडी होती.

पुढच्या खेळांत हवेतल्या करामती आल्या. ‘सॉनिक अॅडव्हान्स २’ (२००२) मध्ये स्प्रिंगवरून उडाल्यावर बटणाने करामत केली की आणखी उंची किंवा पुढचा झोत मिळतो. ‘सॉनिक रश’ (२००५) मध्ये हवेत करामती केल्या की एक मापक भरत जातो, आणि तो खर्चून प्रचंड वेगाने सुटता येते. पाहायला हे झकास आहे. पण हिशेब मांडा: गडी हवेत गिरक्या घेतो आणि त्यातून धावण्याची ऊर्जा तयार होते. काही खर्च न करता जमा वाढते. शेकडो वर्षे लोकांनी ज्या अविरत यंत्राचा ध्यास घेतला, ते इथे बटणात बसवले आहे.

मी याला विज्ञानाची चूक म्हणून दोष देत नाही. तो दोष मारिओलाही लागू झाला असता. दोष खेळाचा आहे. स्प्रिंगने उडवल्यावर गडी कुठे पडणार, हे बहुतेक वेळा आखणाऱ्यानेच ठरवलेले असते. हातात उरतो तो मोकळा वेळ, आणि करामतींनी तो भरायचा. ज्या कृतीला किंमत नाही, तिच्यात निर्णयही नाही. तिथे कौशल्याची जागा नुसती बटणांची धांदल घेते.

करामत अशीच असावी लागते असे नाही. ‘सेलेस्ट’ (२०१८) या मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या खेळात डोंगर चढणाऱ्या मुलीला हवेत एक झेप घेता येते. एकच. ती वापरली की तिचे लाल केस निळे होतात, आणि पाय जमिनीला लागल्यावर पुन्हा लाल. न्यूटनचा नियम इथेही मोडलाच आहे. पण खर्चाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून. झेप आत्ता वापरावी की राखून ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक क्षणी पडतो. अक्षय्यतेच्या नियमामागची भावना, म्हणजे काही मिळवायचे तर काही द्यावे लागते, हा खेळ मुलाच्या बोटांत उतरवतो.

मग मुलांच्या कल्पना कोण बिघडवते?

फेकलेल्या वस्तूबद्दलच्या चुकीच्या कल्पना व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधीच्या आहेत. १५३७ मध्ये इटालियन गणिती तार्ताग्लिया याने तोफगोळ्याची वाट आधी सरळ, मग वळलेली, मग सरळ खाली अशी दाखवली होती. अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की याने १९८३ मध्ये लिहून दाखवले, की शिकलेल्या विद्यार्थ्यांच्याही डोक्यात अशाच जुन्या समजुती असतात. आपल्या वर्गातही वर जाणाऱ्या चेंडूवर कोणते बल आहे, असे विचारले तर ‘हाताचे बल’ हे उत्तर येते. त्या मुलांनी मारिओ खेळला असो वा नसो.

गेमवर सगळे खापर फोडले की आपण सुटतो, एवढेच. खरा धोका वेगळा आहे: मूल गेममधला नियम आणि मैदानातला नियम यांची तुलनाच करत नाही. परीक्षेत ते ‘बाहेरचे बल नसेल तर’ पाठ लिहिते, आणि विहिरीच्या काठावरून उडताना ‘हवेत सावरून घेऊ’ असे धरून चालते. हवेत वाट सावरता येत नाही. खाली उथळ पाणी किंवा कपार असेल, तर हा धडा फार महाग पडतो.

तुलना करायला फारसे साहित्य लागत नाही. शाळेच्या पटांगणावर खो-खोचा सूर बाजूने मोबाइलवर चित्रित करावा. खेळाडूच्या कमरेला रंगीत फडके बांधावे. ती वस्तुमानमध्याची ढोबळ खूण. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतात. चित्र थांबवत थांबवत, दर तिसऱ्या चित्रातली फडक्याची जागा आलेख कागदावर मांडावी. आडवी अंतरे जवळजवळ सारखी येतील. सर्वोच्च बिंदूपासून खाली मोजलेली उभी अंतरे सुमारे ५, २०, ४४ सेंटीमीटर, म्हणजे १ : ४ : ९ या प्रमाणात येतील. मग एखाद्या गेममधल्या उडीचे चित्रण घेऊन तेच करावे, आणि गड्याची उंची हे एकक धरावे. चढायला व उतरायला सारखा वेळ लागतो का? आडवी अंतरे सारखी आहेत का? वाट मधेच मोडते का? मोडते तिथे, ‘इथे कोणी रेटा दिला?’ हा एकच प्रश्न मुलांना विचारावा.

उत्तर बहुधा हसत येईल: ‘कोणीच नाही, सर. बटणाने.’ हे उत्तर ज्या मुलाला स्वतःहून सुचले, त्याच्या कल्पना गेमने बिघडण्याची भीती बाळगायचे कारण नाही. कोणता गेम हिशेब पाळतो आणि कोणता फुकट वाटतो, हेही तो मग आपल्यालाच समजावून सांगेल.