'समजलं का?' या प्रश्नाची मर्यादा

आज आपण एका अभ्यासाकडे थोडं टीकेच्या नजरेनं पाहू. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बॅन्क्सिया हिल बालबंदीगृहातल्या 99 मुलामुलींची तपासणी झाली आणि 2018 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या 36 जणांना फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे गर्भात असताना दारूचा परिणाम होऊन मेंदूच्या वाढीत राहिलेला दोष, असल्याचं निदान झालं. बहुतेकांच्या बाबतीत हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता हा मुलगा कोर्टात उभा आहे असं समजा. न्यायाधीश जामिनाच्या पाच अटी वाचतात आणि विचारतात, "समजलं का?" तो म्हणतो, "हो." बोलायला तो चटपटीत असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण पाचातल्या तीन अटी बाहेर पडेपर्यंत विसरलेल्या असतात. पुढच्या आठवड्यात अट मोडते आणि कागदावर नोंद होते: मुजोर, ऐकत नाही. पोलिसांच्या चौकशीत तर आठवणीतली रिकामी जागा तो सुचेल त्या उत्तरानं भरतो, आणि ते खोटं बोलणं ठरतं.

अभ्यासाचं मोल इथे आहे. 'ऐकत नाही' आणि 'ऐकू शकत नाही' यांतला फरक त्यानं मोजून दाखवला. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या टप्प्यावर. निदान म्हणजेच मदत, असं आपण फार लवकर मानतो. तपासलेल्यांत बहुसंख्य मुलं ॲबोरिजिनल होती. अशा ठिकाणी निदानाचा कागद आईच्या माथी दोष मारायला आणि एका समाजावर शिक्का मारायलाही वापरता येतो. शिवाय 89 टक्के मुलांमध्ये मेंदूच्या किमान एका कार्यात गंभीर कमतरता आढळली. म्हणजे प्रश्न फक्त त्या 36 जणांचा नव्हताच.

मग पुढे झालं काय? 2022 मध्ये त्याच बंदीगृहातली काही मुलं प्रौढांच्या कॅज्युअरिना तुरुंगातल्या एका विभागात हलवली गेली. त्याच वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टानं बॅन्क्सिया हिलमधल्या एका मुलाला कोठडीत कोंडून ठेवणं बेकायदा ठरवलं.

आणि लागणारी मदत तरी किती साधी! एका वेळी एकच सूचना. अटी चित्रांतून. तारखेच्या आदल्या दिवशी फोन. दर वेळी तोच ओळखीचा कार्यकर्ता. आणि "समजलं का?" ऐवजी, "आता तू काय करणार, ते मला सांग बघू." यातल्या एकाही गोष्टीसाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही. मग आपण कशाची वाट पाहतोय?