दंतकथा झालेली बाळंतीण

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचायला उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या तेव्हा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. गाव बदलते, प्रेक्षकांनी काय केले तेही बदलते. पण मी वाचलेल्या एकाही आवृत्तीत त्या रात्रीनंतरच्या दहा-बारा दिवसांत या बाईच्या मनाचे काय झाले, याची चौकशी नाही. पुरवण्यांनी, दिवाळी अंकांनी आणि व्याख्यात्यांनी हा प्रसंग कलेवरच्या निष्ठेचा म्हणून मिरवला. ओल्या बाळंतिणीला परत नाचायला का यावे लागले, ती आली नसती तर सुपारीच्या पैशांचे काय झाले असते आणि हीच वेळ एखाद्या संगीत नाटकातल्या नायिकेवर आली असती तर आपण तिला निष्ठाच म्हटले असते का, हे प्रश्न कौतुकाच्या गर्दीत कोणी विचारले नाहीत.

जात, बाईपण आणि मनाचे दुखणे यांची जिथे गाठ पडते, तिथे मराठी लेखणी कशी चालते हे तपासायचे असेल तर जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावापासून सुरुवात करावी. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव तमाशापंढरी म्हणून ओळखले जाते. यात्रांच्या हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावातल्याच नव्हे तर लांबलांबच्या गावांतले पंच येतात, फडमालकाशी घासाघीस करतात, आगाऊ रक्कम देतात आणि आपल्या देवाच्या यात्रेची रात्र ठरवून जातात. फडात नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मांग, महार, कोल्हाटी अशा जातींतल्या. देवाच्या यात्रेला त्यांच्याशिवाय चालत नाही, आणि यात्रा उठली की त्यांना वाड्यात घ्यायला कोणी तयार नसते. विठाबाईंच्या घराण्याचा फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने गाजला. जात नावातच होती. ती लपवायची सोय नव्हती, आणि प्रेक्षकालाही ती लपलेली नको होती.

या व्यवहाराची खरी चिकित्सा झाली ती विद्यापीठातल्या बायकांकडून, आणि झाली बरीचशी इंग्रजीत. शर्मिला रेगे यांनी 1995 साली लावणी कलावतींवर लिहिताना, या बायांचे शरीर सर्वांना उपलब्ध आहे ही समजूत जातीने कशी घडवली हे दाखवले. पुढे 2022 मध्ये शैलजा पाईक यांचा तमाशातल्या दलित स्त्रियांवरचा ग्रंथ अमेरिकेत स्टॅनफर्डहून आला. 'अश्लील' हा शिक्का कोणावर, कोणी आणि कोणत्या सोयीसाठी मारला याचा तो इतिहास आहे. पाईक येरवड्याच्या वस्तीत वाढल्या. 2024 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी अभिमानाने बातम्या छापल्या. झोपडपट्टी ते अमेरिका हा प्रवास सगळ्यांना भावला, पण ग्रंथातले म्हणणे काय आहे, त्यात मध्यमवर्गीय मराठी अभिरुचीवर काय ठपका आहे, याला त्या मानाने फारच कमी जागा मिळाली. वंशभेद आणि जातिभेद शेजारी ठेवून वाचणाऱ्या तिकडच्या वाचकाला हा ग्रंथ पटकन उमगतो. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या गावात तो पोचायला मात्र वेळ लागणार.

येरवड्याचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. पुण्यात कोणाची थट्टा करायची तर 'येरवड्याला पाठवा' म्हणतात. मनोरुग्णालय तिथे आहे म्हणून. जुन्नर-आंबेगावातही ही थट्टा चालते, आणि कुटुंबे आजार लपवतात त्यामागे तिचाही हात आहे. मुलीचे लग्न मोडेल, भावकी नावे ठेवेल, या भीतीने आधी देवऋषी गाठला जातो, डॉक्टर फार उशिरा.

स्त्रीवादी प्रकाशनाने यात काय केले? बरेच केले, हे आधी नोंदवायला हवे. किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक 1930 पासूनचे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवलेले लिखाण मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहाने बाहेर आले. ते ऐंशीच्या दशकात 'स्त्री'मधून क्रमशः छापले गेले आणि 1986 मध्ये 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. विद्या बाळ यांनी 1989 मध्ये पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. त्याच वर्षी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' स्त्री उवाच या मुंबईच्या प्रकाशनाने काढले. सुषमा देशपांडे यांनी 'तिच्या आईची गोष्ट' या एकपात्रीतून तमाशातली बाई रंगमंचावर आणून बोलती केली.

तरीही 'जिणं आमुचं'चा इतिहास नीट पाहिला की एक अडचण दिसते. सासुरवाशिणींचे हाल, पायात अडकवलेले खोडे, आषाढात अंगात येणाऱ्या बाया, हे सगळे त्या पुस्तकात आहे. एरवी तोंड न उघडणारी सून अंगात आल्यावर बोलते आणि घर तिचे ऐकते. बाईच्या कोंडलेल्या मनाचे इतके नेमके वर्णन मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडते. पण लेखिकेने स्वतःच्या नवऱ्याचा मार त्यातून वगळला. त्याविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या त्या माया पंडित यांनी 2008 मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. जातीचे दुःख सांगायला स्त्रियांचे व्यासपीठ मिळाले, पण खाजगी दुःख सांगितले तर समाजाची बदनामी होईल हा धाक उरला. तो धाक घालवणे एकट्या लेखिकेचे काम नव्हते. संपादकाने आणि वाचकाने तिला तेवढा भरवसा द्यायला हवा होता.

उच्चवर्णीय घरातल्या वेडाकडे आपण कसे पाहतो, तेही तपासून पाहावे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तले वडिलांचे सोवळ्याचे वेड पिढ्यान्‌पिढ्या विनोद म्हणून वाचले गेले. आज तेच वर्णन एखाद्या मानसोपचारतज्ज्ञापुढे ठेवले तर तो हसणार नाही. जातीची शुद्धता एखाद्या माणसाच्या मनात कशी घर करते आणि त्याचे घर कसे जाळते, याचा हा मराठीतला फार जुना आणि सच्चा दाखला आहे. तो धडा म्हणून कोणी शिकवलेला मला आठवत नाही.

मानसिक आजारावरची अलीकडची मराठी कलाकृती म्हटले की सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई' 2004 चा. नैराश्यावरच्या 'कासव'ला 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. दोन्ही चित्रपट संयमी आहेत, आजारी माणसाला ते खलनायकही करत नाहीत आणि दयेचा विषयही. पण दोन्हीतल्या रुग्णाला सावरायला घर आहे, जवळ उसंत असलेले कोणीतरी आहे, समुद्र किंवा रान आहे. उद्याच्या यात्रेची उचल आधीच घेऊन बसलेल्या नाचणारीला उसंत कोण देणार? करोनाच्या 2020 आणि 2021 या दोन हंगामांत यात्रा बंद राहिल्या तेव्हा फड कर्जात बुडाले. बातम्यांत उपासमार आली, मदतीची आवाहने आली. त्या बायांची झोप उडाली का, व्यसने वाढली का, हे बहुतेक कोणी विचारले नाही. भार्गवी दावर यांनी पुण्यात बापू ट्रस्ट उभारून वस्त्यांमधल्या बायकांच्या मनाचा प्रश्न गरिबी आणि हिंसेशी जोडून मांडला. त्यांचे लेखन मुख्यतः इंग्रजीत राहिले. 2024 मध्ये त्या गेल्या.

आता रोजच्या वर्तमानपत्रांकडे. जुन्नर-आंबेगावच्या पानावर बिबट्याला नेमाने जागा असते, कांद्याच्या भावाला असते. मनाच्या आजाराला मिळते ती आत्महत्येच्या चौकटीत किंवा 'मनोरुग्ण महिलेचा गोंधळ' अशा मथळ्यात, बहुतेकदा फोटोसकट. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 24 नुसार उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्यांविषयी सूचना काढल्या: पद्धतीचे वर्णन नको, भडक मथळा नको, एकच कारण देऊन मोकळे होणे नको. तालुक्याच्या वार्ताहराला यातले कोणी शिकवत नाही. बातमीमागे मिळणाऱ्या मानधनावर जगणाऱ्या त्या माणसावर सगळा दोष टाकणेही अन्यायाचे होईल. मथळा शहरातल्या कार्यालयात ठरतो आणि जबाबदारीही तिथेच शोधली पाहिजे.

विठाबाई 15 जानेवारी 2002 रोजी गेल्या. शेवटचा काळ हलाखीत गेला. राज्य सरकारचा तमाशा कलावंतांसाठीचा जीवनगौरव पुरस्कार 2006 पासून त्यांच्या नावाने दिला जातो. दरवर्षी त्या समारंभाच्या बातम्यांत नाळेची गोष्ट पुन्हा छापून येते. दिवाळी अंकांच्या संपादकांना एवढेच सांगायचे आहे: या वर्षी ती गोष्ट पुन्हा लिहून घेऊ नका. नारायणगावच्या एखाद्या फडातल्या बाईला पाने द्या. बाळंतपणानंतरचे दिवस, झोप न लागलेल्या रात्री, तिला जे सांगायचे असेल ते ती सांगेल, नसेल सांगायचे ते सांगणार नाही. तिला लिहिता येत नसेल तर सांगितलेले उतरवून घ्या आणि छापण्याआधी वाचून दाखवा. लेखिका म्हणून तिचेच नाव टाका, शब्दांकन करणाऱ्याचे खाली लहान अक्षरांत. आणि मानधन फडमालकाकडे न पाठवता तिच्या खात्यावर जमा करा.