तक्त्यांपलीकडचा इंग्रजीचा वर्ग

मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाकडे आज साहित्याची टंचाई नाही. जून 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्याने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तोवर हा विषय पाचवीपासून होता. त्यामुळे खालचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांवर तो एकाएकी येऊन पडला आणि आधाराला जवळपास पाठ्यपुस्तकच होतं. आता भिंती रंगल्या आहेत, शब्दपट्ट्या आहेत, फ्लॅश कार्ड आहेत. पुस्तकात क्यूआर कोड आहेत, मोबाईलवर 2017 पासून ‘दीक्षा’ आहे. व्हॉट्सॲपच्या गटांवर सरावपत्रिकांच्या पीडीएफ येत राहतात. तरीही सातवीतल्या मुलाला वर्गाबाहेर एखादा साधा प्रश्न इंग्रजीत विचारला तर ते गप्प होतं. या शांततेचं उत्तर साहित्याच्या संख्येत सापडणार नाही. ते साहित्य मुलाकडून काय करून घेतं, हे तपासावं लागेल.

हा प्रश्न लोहारा तालुक्यातल्या माकणीसारख्या गावातून पाहिला तर जास्त टोकदार होतो. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या आणि घरातल्या थोरल्यांकडून धाकट्यांना मदत मिळत गेली. हा भाग मात्र सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. याच परिसरातल्या हिप्परग्याला 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. मात्र अशा शाळा मोजक्याच होत्या. घरात इंग्रजीची परंपरा नसलेल्या मुलाला जे इंग्रजी मिळतं ते वर्गातच मिळतं. त्यामुळे वर्गातलं साहित्य कसं आहे यावर इथे फार काही अवलंबून असतं.

आधी भिंतींविषयी. रंगवलेली बाराखडी आणि एबीसीडी पाहून शाळा प्रसन्न वाटते, हे खरं. पण रोज दिसणारी गोष्ट महिनाभरात नजरेआड होते, आणि भिंतीवरचा शब्द हलवता येत नाही, बदलता येत नाही, त्यावर प्रश्न विचारता येत नाही. शब्दपट्ट्या त्याहून बऱ्या, कारण त्या मुलांच्या हातात जातात. मात्र बहुतेक ठिकाणी शिक्षक पट्टी दाखवतो, वर्ग एका सुरात ओरडतो आणि पुढची पट्टी येते. त्या सुरात कोणाला येतं आणि कोण नुसते ओठ हलवतं, हे कळायला वाव नसतो. पीडीएफ सरावपत्रिकांची गत याहून वाईट आहे. रिकाम्या जागा भरताना मूल शेजाऱ्याचं पाहून लिहितं, कागद भरतो आणि पोर्टफोलिओला लागतो. क्यूआर कोडची कल्पना परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी जिद्दीने रुजवली आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. गावापर्यंत पोहोचलेली ती मोठी गोष्ट आहे. तरी कोडमागचा व्हिडिओ मुलांना ऐकायलाच देतो, बोलायला लावत नाही. ती बाजू शिक्षकानेच भरायची असते.

2022-23 मध्ये पहिलीला आलेलं एकात्मिक द्विभाषिक पुस्तक मराठीसोबत इंग्रजी शब्द देत होतं. शब्दसंग्रहाला त्याचा उपयोग होता, बोलण्याला फारसा नव्हता.

याउलट ‘बालभारती’ची 2013 पासून आलेली इंग्रजीची पुस्तकं मला आजही दर्जेदार वाटतात. धनवंती हर्डीकर तेव्हा इंग्रजीच्या विशेषाधिकारी होत्या. गाणी, ऐकून कृती करणं, चित्रांवर गप्पा असा त्या पुस्तकांचा आग्रह होता. पहिलीच्या मुलाने आधी ऐकावं, मग हालचाल करावी, मग बोलावं आणि शेवटी लिहावं, हा क्रम त्यांत शहाणपणाने राखला आहे. वर्गात मात्र तो उलटा होतो. ‘पुस्तक पूर्ण’ दाखवायचं असलं की गाण्याचा अर्थ मराठीत सांगून वहीत उतरवून घेतला जातो.

राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 2016 मध्ये काही जिल्ह्यांत ‘तेजस’ प्रकल्प सुरू केला. त्यातली मोलाची गोष्ट साहित्य नव्हती. शिक्षकांनी लहान गटात नियमित भेटायचं, एखादी कृती एकमेकांवर करून पाहायची, वर्गात वापरायची आणि काय झालं ते पुढच्या भेटीत सांगायचं, ही पद्धत मोलाची होती. आपल्या केंद्रांच्या शिक्षण परिषदांत हे सहज करता येतं. माझ्या मते, आजवरच्या सगळ्या उपक्रमांतून टिकवावी अशी हीच एक गोष्ट आहे.

साहित्य फार लागत नाही, हे 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दाखवून दिलं. बंगळूरच्या संस्थेतून दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी केलेल्या प्रयोगात फळा, खडू, नकाशा आणि रेल्वेचं वेळापत्रक एवढ्यावर धडे चालले. मुलांना सोडवायला एक कोडं दिलं जाई आणि ते सोडवता सोडवता इंग्रजी वापरावं लागे.

माकणीत असं कोडं दारातच आहे. गावाजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. पावसाळ्यात प्रकल्पांच्या पाणीसाठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रात छापून येते. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या कागदावर सोमवार ते बुधवारचे आकडे, दुसऱ्याच्या कागदावर गुरुवार ते शनिवारचे. ‘हाऊ मच वॉटर ऑन मंडे?’ हे विचारल्याशिवाय कोणाचाच तक्ता पुरा होत नाही. उच्चार चुकला तरी चालेल, पण समोरच्याला आकडा कळला पाहिजे. दुसरं साहित्य मुलांच्या बोलण्यातच आहे: मोटर, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, पाईप, ड्रिप. हे शब्द मुलांना चित्राशिवाय समजतात. ‘स्टार्ट द मोटर’, ‘चेक द फ्यूज’, ‘क्लोज द व्हॉल्व्ह’ अशा सूचना देत-घेत पूर्ण तास जातो आणि एक मूल शिक्षक होऊन इतरांना कामाला लावतं. सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवरचं वजन आणि तारीख शोधायला लावा (औषधाच्या बाटल्या मात्र वर्गात आणू नका). दोन-तीन इयत्ता एकत्र बसवाव्या लागणाऱ्या शाळेत हे जास्तच सोयीचं, कारण थोरलं मूल वाचतं आणि धाकटं शोधून बोट ठेवतं.

या भागातल्या तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि कर्नाटकच्या सीमेमुळे कन्नडही काहींच्या कानावर असते. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या या मुलांना नव्या भाषेची भीती वाटण्याचं कारण नाही. ती भीती पाठांतर आणि वहीतली लाल शाई यांनी तयार केली आहे.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एवढीच विनंती आहे: पुढच्या शिक्षण परिषदेला नवा तक्ता आणू नका. वर्गात दोन मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलली त्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणा, आणि ते सगळ्यांनी मिळून ऐका.